फोटोची दुरुस्ती आणि तिची मर्यादा



आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांत किंवा पिशवींत आज एक कॅमेरा असतो. तो वापरावयास कोणी कोणाला शिकविलें नाहीं; घरांतील लहान मूलहि तो सहज वापरतें. परंतु त्याच कॅमेऱ्याच्या शेजारीं, त्याच पडद्यावर, दुसरें एक साधन येऊन बसलें आहे. त्याच्याकडे मात्र आपण अद्यापि पुरेशा गांभीर्यानें पाहिलेलें नाहीं. तें साधन म्हणजे काढलेला फोटो सुधारण्याचें अ‍ॅप. अंधार उजळणें, रंग बदलणें, डाग पुसणें, नको असलेला माणूस चित्रांतून नाहींसा करणें, हीं सर्व कामें त्यांत बोटाच्या हालचालीनें होतात. हें साधन कसें शिकावें, आणि शिकत असतां हात कोठें आवरावा, या दोन गोष्टींविषयीं आज बोलावयाचें आहे.

विषय वरवर पाहतां करमणुकीचा वाटेल. पण तो तसा नाहीं. आपल्या घराघरांतून एक प्रसंग ठराविक रीतीनें येतो. घरांतील वडीलधारें माणूस जातें. तेराव्या दिवसाच्या आंत फ्रेम करावयास फोटो हवा असतो. शोधाशोध होते, आणि असें आढळून येतें कीं, त्या माणसाचा एकट्याचा, समोरून काढलेला असा फोटोच नाहीं. मग एखाद्या लग्नाच्या घोळक्यांतून तो चेहरा कापून घ्यावयाचा, मागचा मंडप पुसावयाचा, अंधार उजळावयाचा, हें काम ज्याला मोबाइल चांगला हाताळतां येतो अशा घरांतील एखाद्या तरुण मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपविलें जातें. तासाभरांत तें होतें. तो फोटो भिंतीवर चढतो, त्याला हार पडतो, आणि जीं नातवंडें अजून जन्मासहि आलीं नाहींत, त्यांच्या दृष्टीनें आजोबा म्हणजे तोच चेहरा ठरतो. त्या तासाभरांत बोटांनीं काय ठेविलें आणि काय पुसलें, यावर एका माणसाची पुढल्या पन्नास वर्षांची ओळख अवलंबून राहते. एवढी जबाबदारी ज्या हातांवर येते, त्या हातांना कांहीं शिक्षण असावें, असें मला वाटतें.

“पूर्वींचे फोटो खरे असत, मोबाइल आल्यापासून खोटेपणा सुरू झाला,” ही समजूत प्रथम बाजूला ठेविली पाहिजे. १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याच्या छायाचित्रणपद्धतीची घोषणा झाली, आणि त्यानंतर वीस वर्षें पुरीं होण्याच्या आंतच काढलेल्या चित्रांत फेरफार करण्याची कलाहि बरीच पुढें गेली. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे हा समुद्राचीं चित्रें काढीत असे. त्या काळच्या कांचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. लाटा नीट उमटाव्या इतका वेळ दिला, तर आकाश पार पांढरें पडे. १८५६-५७ च्या सुमारास त्यानें यावर तोड काढली. समुद्र एका कांचेवरून आणि आकाश दुसऱ्या कांचेवरून घेऊन दोहोंचें मिळून त्यानें एक चित्र छापलें. इंग्लंडमध्यें हेन्री पीच रॉबिन्सन यानें १८५८ सालीं मरणोन्मुख मुलीचें एक प्रसिद्ध चित्र तयार केलें, तें पांच निरनिराळ्या कांचांवरून जुळविलेलें होतें. आपल्या मुंबईंत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळींत अग्रेसर होते. पुढें आपल्याकडील स्टुडिओंतून चित्रकार बसूं लागले. ते कांचेवर बारीक पेन्सिलीनें सुरकुत्या भरीत, आणि छापलेल्या फोटोवर ब्रशानें शालूची जर व दागिन्यांचा पिंवळेपणा चढवीत. जुन्या वाड्यांतून असे रंगविलेले फोटो अजून पाहावयास मिळतात.

तेव्हां फेरफार नवा नाहीं. नवीन गोष्टी तीन आहेत. पूर्वीं हें काम वर्षानुवर्षें शिकलेला कारागीर करी. आतां तें कोणीहि करतो. पूर्वीं त्याला दिवस लागत आणि पैसे मोजावे लागत, म्हणून करण्यापूर्वीं माणूस विचार करी. आतां तो विचार करावयास सवडच उरत नाहीं. आणि पूर्वीं ब्रशाची खूण डोळ्यांना दिसे. आतां ती दिसत नाहीं. म्हणून कारागिराजवळ जो संयम शिक्षणानें येत असे, तो आपण आपल्या आपण मिळविला पाहिजे.

आतां प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळूं. बाजारांत अशीं अ‍ॅप्स पुष्कळ आहेत. उदाहरणादाखल एकाचें नांव घेतों: स्नॅपसीड. हें २०११ सालीं प्रथम आयपॅडसाठीं निघालें. तें करणारी निक सॉफ्टवेअर ही कंपनी २०१२ सालीं गूगलनें घेतली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तें अँड्रॉइडच्या मोबाइलवरहि विनामूल्य मिळूं लागलें. अ‍ॅपांचीं रूपें बदलतात. आज जें बटण खालीं आहे तें उद्यां वर जातें. म्हणून बटणें पाठ करण्यांत अर्थ नाहीं. बटण दाबल्यावर चित्राचें काय होतें, हें एकदां समजलें म्हणजे कोणतेंहि अ‍ॅप परकें वाटत नाहीं.

मोबाइलमधील फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची एक विस्तीर्ण जाळी होय. प्रत्येक ठिपक्याला तीन आंकडे जोडलेले असतात: एक तांबड्याचा, एक हिरव्याचा आणि एक निळ्याचा. या तीन रंगांच्या प्रकाशांतून बाकीचे रंग निर्माण करतां येतात, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६१ सालीं लंडनमध्यें एका रंगीत फितीच्या छायाचित्रानें दाखवून दिलें होतें. आपला मोबाइल त्याच तत्त्वावर चालतो. नेहमींच्या फोटोंत हा प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही ० असले म्हणजे काळा, तिन्ही २५५ असले म्हणजे पांढरा. आणि मधल्या सर्व जुळण्या धरल्या तर १,६७,७७,२१६ रंग होतात. आपण बोट उजवीकडे सरकवून चित्र उजळतों, तेव्हां यंत्र हे आंकडे वाढवितें. याहून गूढ असें त्यांत कांहीं नाहीं.

पण एवढ्यावरून एक महत्त्वाचा नियम निघतो. फोटो काढतांनाच चित्राचा एखादा भाग इतका उजळला कीं तेथील सगळे आंकडे २५५ ला जाऊन टेंकले, तर तेथें काय होतें याची नोंदच उरत नाहीं. पांढऱ्या साडीच्या घड्या, ढगांचे थर, कपाळावरील चकाकी, हें सगळें एकदां असें जळालें म्हणजे मागाहून कितीहि बोट फिरविलें तरी तेथें करडा रंग येतो, घडी येत नाहीं. ल ग्रे याला आकाशाची जी अडचण पडली तीच ही. उलट, अंधारांत बहुधा थोडें कांहीं शिल्लक असतें. तें उजळलें तर चित्रांत रवाळपणा येतो, पण चेहरा दिसूं लागतो. म्हणून फोटो काढतांना पडद्यावर उजेडाच्या भागावर बोट टेंकवावें आणि चित्र किंचित् गडदच काढावें. दुरुस्तीचा पहिला धडा असा दुरुस्तीच्या आधींच शिकावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वीं तीन पथ्यें पाळावींत. पहिलें: मूळ फोटोला हात लावूं नये, त्याची प्रत करून प्रतीवर काम करावें. आपण साठवितों ते बहुतेक फोटो जेपेग नांवाच्या पद्धतीचे असतात. ही पद्धत १८९२ ची नव्हे, १९९२ ची. म्हणजे तशी अलीकडचीच. तिच्यांत जागा वांचविण्यासाठीं चित्रांतील सूक्ष्म तपशील थोडा गाळला जातो. तोच फोटो पुन्हां पुन्हां सुधारून पुन्हां पुन्हां साठविला तर तो दर वेळीं थोडा झिजतो. दुसरें पथ्य: रात्रीं डोळ्यांना आराम पडावा म्हणून पडदा पिंवळसर करण्याची जी सोय असते, ती बंद करावी, आणि पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा. मंद पडद्यावर उजळलेला फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर फटफटीत दिसतो. तिसरें: बोटांस विश्रांति द्यावी. दहा मिनिटें एकाच चित्राकडे पाहिलें कीं डोळ्यांना त्याची सवय होते, आणि भडक रंगहि सौम्य वाटूं लागतो. मोबाइल खालीं ठेवावा, खिडकीबाहेर पाहावें, मग पुन्हां पाहावें.

आतां एक चित्र डोळ्यांपुढें आणा. आजी खिडकीजवळ बसून ताटांत तांदूळ निवडीत आहे. दुपारची वेळ आहे. उजेड मागून येतो, म्हणून खिडकी लखलखीत आणि चेहरा काळोखा आला आहे. खोलींत पिंवळा दिवा लागलेला आहे. चित्र किंचित् कललें आहे, आणि कोपऱ्यांत प्लास्टिकची एक बादली दिसते. या फोटोवर काम कोणत्या क्रमानें करावें?

प्रथम चित्र सरळ करावें. खिडकीची उभी कड हा आपला ओळंबा. ती सरळ झाली कीं अर्धें चित्र सुधारल्यासारखें वाटतें. नंतर कांठ छाटावे; यालाच क्रॉप म्हणतात. छाटतांना स्वतःला विचारावें कीं, या चित्रांत पाहावयाचें काय आहे? आजीचा चेहरा, हात आणि ताट. बादली छाटण्यानेंच गेली तर ती पुसण्याची गरज नाहीं. परंतु ताट छाटूं नये. नाहीं तर ती खालीं कां पाहत आहे हेंच कळणार नाहीं. छाटणें हें वाक्यांतील अनावश्यक शब्द गाळण्यासारखें आहे. गाळल्यानें अर्थ स्वच्छ झाला पाहिजे, बदलतां कामा नये.

तिसरी पायरी उजेडाची. येथें नवशिक्याचा हात प्रथम सगळें चित्र उजळण्याकडे जातो. त्यानें आधींच लखलखीत असलेली खिडकी अधिकच पांढरी पडते. त्याऐवजीं फक्त छायेचा भाग वर आणणारें व फक्त उजेडाचा भाग खालीं आणणारें अशीं दोन निराळीं साधनें असतात, तीं वापरावींत. इंग्रजींतून त्यांना शॅडोज व हायलाइट्स म्हणतात. छाया थोडी वर, उजेड थोडा खालीं. बहुतेक अ‍ॅपांतून हें मान आंकड्यांनीं दिसतें. त्या आंकड्याची एक युक्ति सांगतों: डोळ्यांना बरा वाटेल तेथपर्यंत न्यावा, आणि मग त्याच्या निम्म्यावर परत आणावा. शिकणाऱ्याचा हात जवळजवळ नेहमींच दुप्पट पडतो.

चौथी पायरी रंगाची. पिंवळ्या दिव्याखालीं पांढरा कागद आपल्याला पांढराच वाटतो, कारण आपला मेंदू दिव्याचा पिंवळेपणा वजा करून पाहतो. यंत्राला हें नेहमींच साधत नाहीं. म्हणून चित्रांत जी वस्तु खरोखर पांढरी किंवा करडी असल्याचें आपल्याला ठाऊक आहे, ती पाहून रंगाचा तोल साधावा. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. आपल्या चित्रांत ताटांतील तांदूळ आहेत. ते तांदळासारखे दिसूं लागले कीं थांबावें. चेहऱ्याकडे पाहून हा तोल साधूं नये; कारण चेहरा कसा असावा याविषयीं प्रत्येकाच्या मनांत कांहीं इच्छा असते, आणि तांदळाविषयीं नसते.

पांचवी पायरी ठराविक जागेपुरती. सगळें झाल्यावरहि चेहरा थोडा अंधारा राहिला, तर फक्त तेवढ्याच भागावर परिणाम करणारें साधन घ्यावें. स्नॅपसीडमध्यें त्याला सिलेक्टिव्ह असें नांव आहे. गालावर एक बिंदु ठेवावयाचा, त्याचें वर्तुळ लहानमोठें करावयाचें, आणि तेवढाच भाग हलकेच उजळावयाचा. सहावी पायरी डाग काढण्याची. तिच्याविषयीं स्वतंत्र बोलावयाचें आहे. आणि सर्वांत शेवटीं रेखीवपणा वाढविणें. तें शेवटीं अशासाठीं कीं, रेखीवपणाबरोबर चित्रांतील रवा व डागहि ठळक होतात. आधींच वाढविलें तर पुढील प्रत्येक पायरींत ते उपद्रव देतात.

येथवर आपण जें केलें, त्याला मी दुरुस्ती म्हणतों. त्या खोलींत बसलेल्या माणसाला जें दिसत होतें, पण यंत्राला टिपतां आलें नाहीं, तें आपण परत आणलें. प्रत्यक्ष पाहणाऱ्याला आजीचा चेहरा काळा ठिक्कर दिसत नव्हता, तांदूळ पिंवळे दिसत नव्हते, भिंत कललेली नव्हती. यापुढें मात्र एक सीमा लागते, आणि ती ओलांडतांना हाताला कसलाच अडथळा जाणवत नाहीं, हीच खरी अडचण आहे.

पहिली सीमा कातडीच्या रंगाची. चेहरा अंधारांतून बाहेर काढणें आणि सांवळा चेहरा गोरा करणें, या दोन्ही गोष्टी एकाच बोटानें, एकाच दिशेनें, एकाच साधनानें होतात. फरक फक्त मानाचा. आपल्या समाजांत गोरेपणाची जी आवड आहे ती कोणापासून लपलेली नाहीं. लग्नासाठीं पाठवावयाच्या फोटोंत तर ती उघड दिसते. मुलगी सांवळी, फोटो गोरा, आणि मग प्रत्यक्ष भेटींत पाहुण्यांच्या चेहऱ्यावर येणारें आश्चर्य, या सगळ्याचा अपमान शेवटीं त्या मुलीच्याच वांट्याला येतो. तिचा फोटो गोरा करणाऱ्यानें तिला न विचारतां तिच्याविषयीं मत दिलेलें असतें.

यंत्रेंहि या बाबतींत निःपक्षपाती नव्हतीं. रंगीत फिल्मच्या काळीं अमेरिकेंतील प्रयोगशाळांना रंग जुळवून पाहण्यासाठीं कोडॅक कंपनीकडून जें नमुन्याचें कार्ड मिळे, त्यावर अनेक दशकें गौरवर्णी स्त्रीचाच चेहरा असे. साहजिकच गडद कातडीच्या माणसांचे रंग त्या मानानें नीट उमटत नसत. ही उणीव अजूनहि विचारांत घ्यावी लागते. गूगलनें २०२१ सालीं आपल्या पिक्सेल मोबाइलमध्यें निरनिराळ्या वर्णांच्या माणसांचे चेहरे यथार्थ उमटावे म्हणून खास सुधारणा केल्या, त्या याचसाठीं. म्हणून सांवळ्या चेहऱ्याच्या फोटोंत उजेड वाढवितांना चेहऱ्याच्या रंगाची जवळच्या एखाद्या वस्तूशीं तुलना करावी. हातांतील लांकडी पोळपाट, तांब्याचा तांब्या, अंगावरील साडी, हीं प्रत्यक्षांत जशीं होतीं तशींच दिसत असतील तर चेहराहि बहुधा खरा आहे. चेहरा उजळला आणि तांब्याहि पितळेसारखा झाला, तर हात मर्यादेपलीकडे गेला असें समजावें.

दुसरी सीमा डागांची. डाग पुसण्याचें साधन शेजारच्या जागेचा पोत घेऊन त्या डागावर बसवितें. फोटोच्या जुन्या कागदावरचा बुरशीचा ठिपका, घडीची रेघ, कांचेवरील धूळ, हें सर्व खुशाल पुसावें. तें माणसाचें नव्हेच. चेहऱ्यावर त्या आठवड्यापुरता उठलेला मुरूम पुसला तरी हरकत नाहीं. पण तीळ, देवीचे व्रण, भुवईवरील लहानपणची खोक, आणि आपल्याकडील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावरील व हनुवटीवरील गोंदण, हें मात्र त्या माणसाचें आहे. यंत्राला मुरूम आणि गोंदण यांतील भेद कळेलच असें नाहीं. त्याच्या हिशेबीं दोन्ही गालावरचे काळे ठिपकेच. चेहरा आपोआप नितळ करण्याची जी सोय असते ती अशा वेळीं सर्वांत घातक. कारण तिच्यांत आपण काय पुसलें हें आपल्यालाच कळत नाहीं. एक साधा नियम पुरतो. जी खूण महिन्याभरानें आपोआप गेली असती ती पुसावी. जी जन्मभर राहिली तिला हात लावूं नये. सुरकुत्यांनाहि हाच नियम. सत्तर वर्षांच्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या म्हणजे तो तरुण दिसत नाहीं, मेणाचा दिसतो.

या गोष्टीचें महत्त्व कांहीं देशांनीं कायद्यानें मान्य केलें आहे. फ्रान्समध्यें १ ऑक्टोबर २०१७ पासून, व्यापारी कामासाठीं वापरलेल्या फोटोंत मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केला असेल, तर तसा उल्लेख त्यावर करावा लागतो. नॉर्वेनें २०२१ सालीं याच धर्तीचा कायदा जाहिरातींसाठीं केला, आणि त्यांत कातडीवरील फेरफारांचाहि समावेश केला. घरांतील फोटोंना असा कायदा नाहीं आणि असूंहि नये. म्हणूनच तेथें विवेकाची गरज अधिक.

तिसरी सीमा सर्वांत नवी आहे, आणि तीच मला सर्वांत गंभीर वाटते. जुना, अस्पष्ट फोटो एका क्षणांत स्वच्छ करून देणारीं अ‍ॅप्स आतां निघालीं आहेत. त्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होतो. पणजोबांच्या पुसट फोटोंत डोळ्यांच्या जागीं नुसत्या दोन सांवल्या असाव्या, आणि अ‍ॅपांतून बाहेर पडतांच पापण्यांसकट पाणीदार डोळे दिसावे, हा चमत्कार पाहून घरचीं माणसें हरखून जातात. पण ते डोळे आले कोठून? मूळ फोटोंत ते नव्हतेच. जळालेल्या पांढऱ्याविषयीं जें सांगितलें तेंच येथें लागू आहे. जी नोंद झाली नाहीं ती परत येऊं शकत नाहीं. फक्त तिच्या जागीं दुसरें कांहीं ठेवितां येतें. यंत्रानें असंख्य परक्या माणसांचे चेहरे पाहून ठेविलेले असतात. त्यांवरून अशा ठिकाणीं बहुधा असे डोळे असतात, असा तें अंदाज बांधतें आणि तो अंदाज रंगवून देतें. २०२० सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत तयार झालेल्या ‘पल्स’ नांवाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचें पुसट चित्र दिलें असतां, तिनें त्यांतून एका गौरवर्णी पुरुषाचा चेहरा निर्माण केला. जगांतील एका अत्यंत परिचित चेहऱ्याच्या बाबतींत ही चूक तत्काळ ओळखतां आली. आपल्या पणजोबांचा चेहरा ओळखणारें कोण उरलें आहे? तेथें चूक झाली तर ती सांगणारें कोणी नसतें, आणि आपण एका अनोळखी माणसाला हार घालीत राहतों.

म्हणून जुन्या फोटोच्या बाबतींत पद्धत अशी असावी. फोटो दिवसाच्या मऊ उजेडांत, खिडकीजवळ, सपाट ठेवावा. मोबाइल त्याला अगदीं समांतर धरावा, फ्लॅश लावूं नये, आणि कांचेवर प्रतिबिंब पडत असेल तर कोन बदलावा. फ्रेमला चिकटलेला कागद ओढून काढूं नये. प्रत घेतल्यावर पिंवळेपणा रंगाच्या तोलानें कमी करावा, फिकेपणा काळ्यापांढऱ्याचें अंतर थोडें वाढवून भरून काढावा, भेगा व डाग एकेक करून पुसावे. चेहऱ्यावरून भेग गेली असेल तर तेथें अतिशय सावकाश, चित्र मोठें करून, लहान लहान भागांत काम करावें. एवढें करूनहि जें अस्पष्ट राहील तें अस्पष्टच राहूं द्यावें. पुसट पणजोबा हे आपलेच पणजोबा असतात.

चौथी सीमा माणसें काढून टाकण्याची. रशियांत १९३७ सालीं मॉस्को येथील कालव्याच्या कांठीं स्टालिनबरोबर निकोलाय येझोव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रमुख उभा असतां एक फोटो काढलेला होता. १९४० सालीं येझोव्हला मृत्युदंड झाला. पुढें तोच फोटो छापला गेला तेव्हां स्टालिनच्या शेजारीं फक्त पाणी होतें. आपण हें वाचतों आणि हुकूमशाहीचा निषेध करतों. परंतु कुटुंबांतहि लहानसे हुकूमशहा असतात. इस्टेटीवरून तुटलेला भाऊ, मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी, सोडून गेलेली सून, यांना फोटोंतून काढण्यासाठीं पूर्वीं कात्री लागे, आणि कात्रीची कड पाहून पुढल्या पिढीला निदान एवढें तरी कळे कीं येथें कोणीतरी होतें. आतां बोट फिरवितांच त्या जागीं मंडपाचा पडदा येतो. परका वाटसरू पाठीमागें आला म्हणून पुसला, तर कोणाचें नुकसान नाहीं. नात्यांतील माणूस पुसावयाचा असेल, तर तें काम निदान घरांतील सर्वांत लहान मुलावर सोंपवूं नये.

शिकणाऱ्यांसाठीं एक महिन्याचा क्रम सुचवितों. पहिला आठवडा रोज एक फोटो घेऊन फक्त सरळ करणें व छाटणें. दुसरा आठवडा फक्त छाया व उजेड. तिसरा आठवडा फक्त रंगाचा तोल. चौथ्या आठवड्यांत डाग पुसणें, तेंहि आधीं भिंतीच्या आणि कपड्यांच्या फोटोंवर, मग चेहऱ्यावर. तयार नमुने म्हणून जे फिल्टर मिळतात त्यांना महिनाभर हात लावूं नये. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तर त्यांत एकाच वेळीं दहा गोष्टी बदलतात आणि शिकणाऱ्याला एकहि कळत नाहीं. अनेक अ‍ॅपांतून चित्रावर बोट दाबून धरलें कीं मूळ फोटो क्षणभर दिसतो. प्रत्येक पायरीनंतर तो पाहावा. आणि सुधारलेला फोटो त्याच रात्रीं कोणाला पाठवूं नये. सकाळीं पुन्हां पाहावा. रात्रीं जो बदल लाजबाब वाटला, तो सकाळीं बहुधा निम्म्यावर आणावासा वाटतो.

याशिवाय एक परीक्षा आहे, ती कोणत्याहि अ‍ॅपांत नाहीं. ज्या माणसाचा फोटो आहे तें माणूस हयात असेल तर त्यालाच तो दाखवावा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें. माणूस आपला चांगला फोटो पाहून हंसतो. आपल्याऐवजीं दुसऱ्याचा फोटो पाहिल्यावर तो क्षणभर गप्प होतो. हा फरक ओळखतां येण्यास फार हुशारी लागत नाहीं. माणूस हयात नसेल, तर ज्यांनीं त्याला जवळून पाहिलें त्या वृद्ध नातेवाइकांना दाखवावा. त्यांचे डोळे अधू असतील, पण ओळख पक्की असते.

शेवटीं एक घरगुती सूचना करून हें भाषण संपवितों. आज घरीं जीं वडीलधारीं माणसें आहेत, त्यांचा एकेकाचा, खिडकीच्या उजेडांत, समोरून, रोजच्या कपड्यांत एक एक फोटो या रविवारींच काढून ठेवावा. चांगल्या उजेडांत काढलेल्या फोटोला दुरुस्ती फार थोडी लागते. मूळ प्रत आणि सुधारलेली प्रत अशा दोन्ही जपाव्या, आणि छापलेल्या फोटोच्या पाठीवर नांव, गांव, तारीख व काय बदललें तें दोन ओळींत लिहून ठेवावें. “मागचा मंडप काढला, चेहऱ्याला हात लावला नाहीं,” एवढें लिहिलेलें असलें तरी पुष्कळ झालें. पुढें केव्हां तरी एखादें नातवंड तो फोटो भिंतीवरून उतरवून उलटा करील, तेव्हां पुढला चेहरा खरा कीं खोटा, हें त्याला कोणाला विचारीत बसावें लागणार नाहीं.